शरीरात दबा धरून बसणारी ‘नागीण’

मुंबईच्या उपनगरांत ‘नागीण झाली’ हे शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारले जातात. कमरेच्या किंवा छातीच्या एका बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो, अंगाची आग होते आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो’ असा इशारा देतात. मग गेरूचा लेप, मंत्र-उतारा, ओळखीतल्या एखाद्या जाणकाराकडे फेरी, यात दोन-तीन दिवस निघून जातात. वैद्यकाच्या दृष्टीने नेमके तेच दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे असतात.

नागीण हा व्हॅरिसेला-झोस्टर या विषाणूमुळे होणारा रोग आहे. हा विषाणू हर्पिस कुळातील असून त्याचा एक जवळचा भाऊबंद घोड्यांच्या शरीरात राहतो. घोडीला गाभडायला लावणारा आणि धडधाकट घोड्याचे मागचे पाय लुळे करणारा हा विषाणू आणि माणसाला आधी कांजिण्या व पुढे नागीण देणारा विषाणू यांचा अभ्यास गेली कित्येक दशके समांतर चालू आहे. पशुवैद्यक आणि मानववैद्यक या दोन्ही शाखा त्यातून एकाच निष्कर्षाला पोचल्या आहेत. हर्पिस विषाणूला शरीरातून हाकलून देता येत नाही. त्याला निजवून मात्र ठेवता येते, आणि तो जागा झालाच तर वेळ न दवडता आवरता येते.

नावातच सर्प

‘हर्पिस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे क्रियापद आणि संस्कृतातील ‘सृप्’ हा धातू एकाच मुळाचे आहेत. त्याच धातूपासून ‘सर्प’ आणि आयुर्वेदात त्वचारोगासाठी योजलेला ‘विसर्प’ हे शब्द बनले. ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. पसरत जाणाऱ्या फोडांची ओळ पाहून ग्रीकांना जे सुचले, तेच मराठी माणसाला ‘नागीण’ हे नाव देताना सुचले असावे.

या कुळातील शंभराहून अधिक विषाणू आज ज्ञात आहेत. सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी, इतकेच नव्हे तर कालवांसारख्या मृदुकाय जिवांतही त्यांचे नातलग सापडतात. माणसात नऊ हर्पिस विषाणू आढळतात. ओठांवर ‘जर’ उठवणारा, गुप्तांगावर फोड आणणारा, कांजिण्या व नागीण देणारा, ग्रंथिज्वराचा एपस्टाइन-बार, गर्भाला धोका पोचवणारा सायटोमेगॅलो ही त्यांतील परिचित नावे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये पन्नाशीखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात ‘हर्पिस सिम्प्लेक्स-१’ हा एकच विषाणू वस्तीला होता. यांतील बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नसतो.

अश्ववर्गीय प्राण्यांशी संबंधित हर्पिस विषाणूंनाही १ ते ९ असे क्रमांक दिले गेले आहेत. त्यांपैकी पहिले पाच प्रामुख्याने पाळीव घोड्यांत आढळतात. सर्वांत उपद्रवी तो ‘ईएचव्ही-१’. शास्त्रीय वर्गीकरणात हा ईएचव्ही-१ आणि माणसातील व्हॅरिसेला-झोस्टर एकाच प्रजातिगटात मोडतात आणि त्या गटाचे नावही ‘व्हॅरिसेलोव्हायरस’ असेच आहे. व्हॅरिसेला-झोस्टरचा सुमारे सव्वा लाख अक्षरांचा जनुकीय आराखडा १९८६ मध्ये, तर ईएचव्ही-१चा सुमारे दीड लाख अक्षरांचा आराखडा १९९२ मध्ये वाचून पूर्ण झाला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बहुतेक जनुके एकमेकांशी जुळणारी आणि जवळजवळ त्याच क्रमाने मांडलेली दिसली. एका प्राण्याच्या विषाणूवर मिळालेले ज्ञान दुसऱ्याला उपयोगी पडते, ते या साम्यामुळेच.

केंटकीची पागा आणि गाभडलेल्या घोड्या

घोड्यांतील या रोगाची शास्त्रीय कहाणी १९३० च्या दशकात अमेरिकेतील केंटकी येथे सुरू होते. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या तेथील पागांमध्ये गाभण घोड्या एकामागोमाग एक गाभडत होत्या. त्यामागे जिवाणू नसून विषाणू असल्याचे तेथील संशोधकांनी दाखवून दिले. घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा असतो. बहुतेक गर्भपात त्यातील शेवटच्या चार महिन्यांत आणि कोणतीही पूर्वसूचना न देता होतात. शिंगरू जिवंत जन्मले तरी बहुधा ते अशक्त असते आणि काही दिवसांत दगावते.

तरुण घोड्यांना होणारी सर्दी, ताप आणि खोकला हेही याच विषाणूचे काम, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९८१ मध्ये विषाणूंच्या डीएनएचे विकरांच्या साहाय्याने तुकडे करून तुलना केली गेली, तेव्हा हे दोन वेगळे विषाणू असल्याचे स्पष्ट झाले. गर्भपात घडवणारा तो ईएचव्ही-१ आणि मुख्यतः श्वसनमार्गापुरता राहणारा तो ईएचव्ही-४.

ईएचव्ही-१ श्वासावाटे नाकात शिरतो, तेथून श्वेतपेशींत बसून रक्तातून प्रवास करतो आणि गर्भाशयाच्या किंवा मज्जारज्जूच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतो. रक्ताच्या गुठळ्या होऊन पुढचा भाग उपाशी पडतो. हे वारेत घडले तर गर्भ जातो आणि मज्जारज्जूत घडले तर घोडा मागच्या पायांनी लडखडू लागतो. त्याची लघवी थेंबथेंब गळते, शेपटीतील जोर जातो. आडवा पडलेला आणि उठू न शकणारा घोडा वाचण्याची शक्यता फार कमी असते.

या मज्जासंस्थेच्या विकाराने फेब्रुवारी २०२१ मध्ये युरोपला हादरा दिला. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी अनेक देशांतून आलेल्या घोड्यांत ही साथ पसरली. स्पर्धेहून परतलेल्या घोड्यांबरोबर ती इतर देशांतही गेली. अनेक घोडे मेले आणि आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने युरोपातील दहा देशांतील स्पर्धा काही आठवड्यांसाठी थांबवल्या. काही ईएचव्ही-१ मज्जासंस्थेवर अधिक जोराने का उतरतात, याचा एक धागा २००६ मध्ये हाती आला होता. विषाणूची प्रत काढणाऱ्या विकराच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालेला असला तर हा विकार अधिक प्रमाणात दिसतो. मात्र हा बदल नसलेले विषाणूही घोड्याला लुळे करू शकतात. त्यामुळे केवळ त्या एका अक्षरावर विसंबून निश्चिंत राहता येत नाही.

परळ, गोरेगाव आणि हिसार

मुंबई आणि घोडा यांचे नाते जुने आहे. अरबस्तानातून जहाजांनी येणाऱ्या घोड्यांची ही मोठी बाजारपेठ होती. जनावरांच्या वैद्यकाचे शिक्षण देणारे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला १८८६ मध्ये सुरू झाले. त्याचा विस्तार पुढे उपनगरात, गोरेगावच्या आरे वसाहतीतही झाला. परळच्याच हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष तयार करण्याची परंपरा उभी केली. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटचा १९६६ मधील जन्मही घोड्यांशी निगडित आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पूनावाला कुटुंबाच्या पागेतून हाफकिनला रक्तद्रवासाठी दिले जात, त्यातूनच स्वतः लस-रक्तद्रव बनवण्याची कल्पना पुढे आली.

उपनगरी रहिवाशाला घोडा भेटतो तो लग्नाच्या वरातीत, समुद्रकिनाऱ्यावर किंवा सुटीत गाठलेल्या माथेरानमध्ये. शर्यतीचे घोडे पावसाळी हंगामात पुण्याला आणि हिवाळी हंगामात महालक्ष्मीला धावतात, त्यासाठी ते घाट चढतात-उतरतात. हर्पिसच्या दृष्टीने हा प्रवास महत्त्वाचा ठरतो. लांबचा प्रवास, नवी पागा, अनोळखी शेजारी घोडे, शिंगराला आईपासून तोडणे या प्रत्येक ताणाच्या प्रसंगी सुप्त विषाणू जागा होऊ शकतो. वरवर निरोगी दिसणारा घोडा मग नाकावाटे विषाणू सोडू लागतो आणि शेजारच्या गाभण घोडीला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून गाभण घोड्यांना प्रवासी घोड्यांपासून वेगळे ठेवणे, नव्याने आलेल्या घोड्याला काही आठवडे अलग बांधणे, रोज दोन वेळा ताप मोजणे आणि एका घोड्याची बादली दुसऱ्याला न वापरणे हे नियम कोणत्याही औषधाइतकेच महत्त्वाचे मानले जातात. त्यांची अंमलबजावणी अखेर मोतद्दाराच्या हातात असते.

भारतात या संशोधनाचे प्रमुख केंद्र हरियाणातील हिसार येथे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८५ मध्ये तेथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र स्थापन केले. केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भारतीय घोड्यांतून ईएचव्ही-१ वेगळा केला, त्याच देशी विषाणूपासून ‘इक्विहर्पाबॉर्ट’ ही मृत विषाणूची लस बनवली आणि रक्तातील प्रतिपिंडे शोधणारे निदानसंचही विकसित केले. घोड्यांना अशी लस सामान्यतः गर्भकाळाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात दिली जाते. तिने गर्भपाताचा धोका आणि विषाणूचा प्रसार कमी होतो. मज्जासंस्थेचा विकार खात्रीने रोखणारी लस मात्र जगात अद्याप कोणाकडेही नाही.

कांजिण्या आणि नागीण : एकच विषाणू

माणसाच्या बाबतीतील मूळ कोडे वेगळे होते. कांजिण्या हा मुलांचा, भराभर पसरणारा आणि सर्वांगावर उठणारा रोग. नागीण हा उतारवयातील, एकट्यादुकट्याला होणारा आणि एका पट्ट्यापुरता मर्यादित राहणारा. या दोहोंचा संबंध असेल असे सहजी सुचणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टमधील डॉक्टर बोकाय यांच्या लक्षात आले की, घरात कोणाला नागीण झाली की मागोमाग मुलांना कांजिण्या येतात. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांच्या फोडांतून विषाणू वाढवून ते एकच असल्याचे सिद्ध केले.

नागीण होते कशी, याचे उत्तर इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावच्या एका सामान्य दवाखान्यातून आले. तेथील डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी स्वतःच्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि १९६५ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या चेतापेशींच्या गाठींत सुप्त राहतो. प्रतिकारशक्तीचा पहारा वयोमानाने सैल पडला की तो त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत परत येतो. पुढील संशोधनाने हा सिद्धान्त खरा ठरवला. घोड्यांतील ईएचव्ही-१ देखील चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत आणि लसिकाग्रंथींतील श्वेतपेशींत दडून राहतो, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांतून दिसून आले.

नागिणीचा वेढा पूर्ण होण्याच्या भीतीचे उत्तरही या शरीररचनेत आहे. मणक्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला, एका ठरावीक पट्ट्यापर्यंत पोचतो. विषाणू ज्या तंतूतून येतो त्याच्या हद्दीत फोड उठतात आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात. म्हणूनच तोंड आणि शेपूट सहसा जुळत नाहीत. क्वचित प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णात फोड सर्वांगावर पसरतात. तेव्हा धोका असतो तो दुबळ्या झालेल्या प्रतिकारशक्तीचा, फोडांनी घातलेल्या वेढ्याचा नव्हे.

खरा त्रास पुढे असतो. फोड सुकल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने भाजल्यासारखी वेदना राहू शकते. अंगावरच्या सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही, झोप उडते. वय जितके अधिक तितकी ही शक्यता अधिक. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला इजा होऊन दृष्टी जाण्याची भीती असते. शिवाय हा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही सूज आणू शकतो, त्यामुळे नागिणीनंतरच्या काळात पक्षाघाताचा धोका काहीसा वाढतो. घोड्याच्या मज्जारज्जूतील रक्तवाहिन्यांवर ईएचव्ही-१ जो घाला घालतो, त्याच्याशी याचे साम्य संशोधकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

विषाणूच्याच हाताने विषाणूला आवर

या कुळाविरुद्धचे पहिले खरे प्रभावी आणि निर्धोक औषध म्हणजे असायक्लोव्हिर. अमेरिकेतील गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ते पुढे आणले. १९८८ मध्ये एलियन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागील कामगिरीत या औषधाचाही वाटा होता. त्याची कार्यपद्धती विलक्षण आहे. निरोगी पेशीत हे औषध जवळजवळ निष्क्रिय राहते. विषाणूने ग्रासलेल्या पेशीत मात्र विषाणूचेच एक विकर त्याला सक्रिय करते आणि मग ते विषाणूच्या डीएनएची नक्कल मध्येच तोडते. विषाणू स्वतःच्या हाताने स्वतःची कोंडी करून घेतो.

हेच औषध घोड्यांना देऊन पाहिले तेव्हा अडचण आली. तोंडावाटे दिलेल्या असायक्लोव्हिरचा जेमतेम काही टक्के अंश घोड्याच्या रक्तात उतरतो. म्हणून त्याचे सुधारित रूप, व्हॅलासायक्लोव्हिर, घोड्यांत वापरले जाऊ लागले. माणसातही नागिणीसाठी ते दिले जाते.

दोन्हींत एक मर्यादा समान आहे. औषध विषाणूची वाढ थांबवते, सुप्त विषाणूला स्पर्श करत नाही आणि झालेली हानी भरून काढत नाही. त्यामुळे सारा भर वेळेवर असतो. माणसात फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर फोड लवकर सुकतात आणि तीव्र वेदनेचा काळ आखूड होतो. घोड्यातही ताप येताच, पाय लडखडण्यापूर्वी उपचार सुरू झाले तर लाभ अधिक. गेरू लावून वाट पाहण्याची किंमत आहे ती या गमावलेल्या तासांची. अर्थात ७२ तास उलटले म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. नवे फोड येत असल्यास किंवा डोळ्याजवळ फोड असल्यास उशिरानेही औषध दिले जाते.

लसींचा टप्पा

कांजिण्यांवरील लस जपानमधील मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये विकसित केली. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची ही लस भारतात खासगी दवाखान्यांत मिळते. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिची शिफारस करते, मात्र शासनाच्या सार्वत्रिक लसीकरणात तिचा समावेश नाही. उष्ण प्रदेशांत कांजिण्या थंड देशांच्या तुलनेने मोठ्या वयात होतात, आणि प्रौढपणी त्या अधिक तीव्र असतात. त्यामुळे बालपणी कांजिण्या न झालेल्या तरुणांसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

नागिणीवरील नवी लस विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनापासून बनवलेली आहे. अमेरिकेत तिला २०१७ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२३ पासून ती भारतातही पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी उपलब्ध आहे. दोन मात्रांच्या या लसीने मूळ चाचण्यांत नागीण होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटवले. ती महाग आहे आणि मध्यमवर्गीय घरात वृद्ध आई-वडिलांसाठी तिचा विचार करताना हा खर्च आड येतो.

वेल्समधील एका अभ्यासाने या विषयाला नवे वळण दिले आहे. तेथे २०१३ मध्ये नागिणीची जुनी, जिवंत विषाणूची लस देताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची सीमा आखली गेली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेले लसीस पात्र, त्याआधीचे अपात्र. वयाने जवळपास सारख्या या दोन गटांची तुलना करून २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की लस घेतलेल्यांत पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी होते. यामागचे कारण अद्याप पक्के उलगडलेले नाही.

घोड्याकडून माणसाला धोका आहे का?

घोड्यांतील ईएचव्ही-१ माणसाला होत नाही. वरातीच्या घोडीला किंवा माथेरानच्या घोड्याला हात लावल्याने नागीण होत नाही. माणूस मात्र हात, कपडे आणि बादलीवरून हा विषाणू एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतो.

तरीही हर्पिस विषाणू आपली जात कधीच ओलांडत नाहीत, असे म्हणता येणार नाही. जर्मनीतील वुपर्टाल प्राणिसंग्रहालयात २०१० मध्ये एक ध्रुवीय अस्वल मेंदूच्या विकाराने मेले. तपासात झेब्र्यांशी संबंधित, दोन अश्व-हर्पिस विषाणूंच्या संकरातून बनलेला विषाणू त्याच्या मेंदूत सापडला. उपनगरवासीयांच्या अधिक जवळचे उदाहरण माकडांचे आहे. मकाक जातीच्या माकडांत ‘बी’ नावाचा हर्पिस विषाणू असतो. माकडाला त्याने फार तर तोंडात फोड येतात, पण माणसात तो मेंदूदाह घडवू शकतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका डॉक्टराचा माकडाच्या चाव्यानंतर झालेला मृत्यू ही त्याची पहिली नोंद. असे रुग्ण जगात अत्यंत विरळ आहेत. तरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात माकडांना हाताने खाऊ भरवण्याचा मोह आवरणे शहाणपणाचे. माकड चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. रेबीजच्या दृष्टीनेही तेच आवश्यक आहे.

घरात नागीण झाल्यास

अंगाच्या एकाच बाजूला आग, मुंग्या किंवा ठणका सुरू होऊन दोन-तीन दिवसांत फोड उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याच्या आसपास फोड असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. फोडांतील पाण्याच्या संपर्काने नागीण लागत नाही, पण ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात. दीड-दोन खोल्यांच्या घरात म्हणूनच फोड झाकून ठेवावेत, रुग्णाचा टॉवेल वेगळा असावा, आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती व तान्ह्या बाळांना फोड सुकेपर्यंत दूर ठेवावे. मधुमेह, कर्करोगावरील उपचार, स्टेरॉइड्स किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी अधिक दक्ष राहावे. तरुण वयात वारंवार किंवा फार पसरलेली नागीण झाली, तर तिच्यामागचे कारण तपासून घ्यावे.

पागेतला घोडा असो वा इमारतीतला माणूस, हर्पिस विषाणूशी त्याचा करार आयुष्यभराचा असतो. तो विषाणू कुठे दडतो, कशाने जागा होतो आणि किती वेळात आवरावा लागतो, हे आता पुरेसे कळले आहे. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिला फोड दिसल्याची वेळ लक्षात ठेवणे, हेच त्या ज्ञानाचे घरगुती सार आहे.